बॅलन्स गेला कुठे? प्रीपेड रिचार्जचा पै-पैचा हिशोब

शंभर रुपयांचा टॉपअप मारला की खात्यात ८१ रुपये ७५ पैसे जमा होतात. दहाचा मारला तर ७ रुपये ४७ पैसे. हे आकडे इतके अंगवळणी पडलेत की ते असे का, हे विचारणंच बहुतेकांनी सोडून दिलंय. प्रीपेड फोनचा हिशोब समजून घ्यायचा असेल तर मात्र सुरुवात इथूनच करावी. कागद-पेन घेऊन बसलं तर पैशापैशाचा ताळा लागतो.

शंभर रुपये ही किंमत जीएसटीसकट असते. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. इथे बरेच जण शंभरातून सरळ १८ वजा करतात आणि मग गणित जुळत नाही. कर मूळ रकमेवर लागतो, म्हणून शंभरला १.१८ ने भागायचं. उत्तर येतं ८४ रुपये ७५ पैसे. उरलेले १५ रुपये २५ पैसे सरकारजमा. आता कंपनीचं प्रक्रिया शुल्क. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याच्या नियमानुसार टॉपअपवर कंपनीला ३ रुपये किंवा छापील किमतीच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं. शंभराचे १० टक्के म्हणजे १० रुपये, त्यामुळे ३ रुपये लागू. ८४.७५ मधून ३ गेले, राहिले ८१.७५. दहाच्या टॉपअपलाही हेच: कर गेल्यावर ८.४७, त्यातून १० टक्क्यांचा १ रुपया गेला, राहिले ७.४७.

यातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागते. दहा-दहाचे दहा टॉपअप मारले तर मिळतात ७४ रुपये ७० पैसे, आणि शंभराचा एकच मारला तर ८१ रुपये ७५ पैसे. पैसे तेवढेच गेले, पण ७ रुपये ५ पैशांचा फरक पडला. हजाराच्या टॉपअपवरही शुल्क ३ रुपयेच, म्हणून तिथे ८४४ रुपये ४६ पैसे मिळतात. ज्याच्या खिशात एका वेळी दहाच रुपये आहेत, त्यालाच प्रत्येक रुपयामागे जास्त शुल्क पडतं. हे मला आजही पटत नाही.

पण आजकाल टॉपअप मारतो कोण? बहुतेक जण २८ दिवसांचा, ८४ दिवसांचा नाहीतर वर्षाचा प्लॅन घेतात. आणि खरा गोंधळ इथेच सुरू होतो. "परवाच तीनशेचा रिचार्ज मारला आणि बॅलन्स बघितला तर शून्य!" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. त्यात कंपनीने काही लाटलेलं नसतं. टॉपअप आणि प्लॅन या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि आपण दोन्हीला 'रिचार्ज' असं एकच नाव दिलंय.

२०१२ मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षणाचे नियम आणले, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून रिचार्ज कार्डांना रंग दिले होते. दर ठरवणाऱ्या प्लॅन व्हाउचरला लाल पट्टी, पैसे भरणाऱ्या टॉपअपला हिरवी, विशेष दराच्या व्हाउचरला पिवळी. टॉकटाइम आणि विशेष दर एकत्र देणाऱ्या कॉम्बो व्हाउचरला पुढे निळी मिळाली. नख लावून खरवडायची ती कार्डं आता कुणाच्या हातात दिसत नाहीत, आणि डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत रंगांची अटही गेली. सगळे रिचार्ज मोबाइलच्या पडद्यावर एकाच रंगात, एकाखाली एक दिसतात. फरक मात्र तसाच आहे. टॉपअप म्हणजे खिशातले सुटे पैसे आणि प्लॅन म्हणजे एसटीचा पास. पास काढला म्हणून खिशातली रक्कम वाढत नाही, आणि पासाच्या मार्गाबाहेर जायचं तर तिकिटाचे सुटे पैसेच लागतात.

एक फोन, चार खाती

बॅलन्स बघायचे मार्ग कंपनीगणिक वेगळे. एअरटेलला *१२१# लावतात, व्हीआयला *१९९#, बीएसएनएलला *१२३#, जिओचं सिम असेल तर १२९९ वर फोन केला की एसएमएस येतो. ॲप आहेच. समोर जे येतं ते साधारण असं असतं:

मुख्य बॅलन्स ५ रुपये ९७ पैसे. प्लॅनची वैधता अमुक तारखेपर्यंत. आजचा शिल्लक डेटा ०.६२ जीबी. शिल्लक एसएमएस ९८.

हा एक बॅलन्स नाही, चार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. वैधता मोजतात दिवसांत, डेटा जीबीमध्ये, एसएमएस नगांवर. रुपयांत मोजलं जातं ते एकच खातं, मुख्य बॅलन्सचं. डेटा उरला म्हणून त्याचे पैसे होत नाहीत. मुख्य बॅलन्समध्ये पाचशे पडून असले तरी प्लॅनची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. "माझे पैसे आहेत ना खात्यात, मग कॉल का लागत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. पैसे आहेत, पण दिवस संपलेत.

आता हे ५ रुपये ९७ पैसे बघा. दहाचा टॉपअप मारला होता, ७.४७ जमा झाले, आणि कुणालाही फोन न करता दीड रुपया कमी झाला. कुठे गेला? एक नेहमीची शक्यता सांगते. नव्या फोनवर यूपीआय ॲप सुरू करताना ते तुमचा नंबर पडताळायला तुमच्याच सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं. पडद्यावर गोल चक्र फिरत असतं तेव्हा हेच चाललेलं असतं. तुमच्या प्लॅनमध्ये एसएमएस असतील तर त्यातला एक जातो. नसतील तर मुख्य बॅलन्समधून त्याचे पैसे कटतात, आणि तिथेही शून्य असेल तर पडताळणीच होत नाही. माणूस बँकेला दोष देत बसतो. आयफोनमध्ये आयमेसेज सुरू होताना जाणारा एसएमएस तर परदेशी नंबरवर जाऊ शकतो, त्याचा दर आणखी जास्त.

म्हणून 'कॉल केला नाही तरी पैसे कटले' असं दिसलं की आधी त्या दिवशी फोनमध्ये नवीन काय केलं ते आठवावं.

मुख्य बॅलन्सला गळती लागते ती कुठून

'अमर्याद कॉल' म्हणजे देशातल्या साध्या मोबाइल आणि लँडलाइन नंबरांवरचे कॉल. परदेशी नंबर त्यात नाहीत. पाच-सहा आकडी खास नंबर, टीव्हीवरच्या स्पर्धांचे, ज्योतिषाचे, गप्पांचे, हेही नाहीत. १८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री असतो, पण १८६० चा नसतो. तो साध्या कॉलच्या दराने धरला जातो आणि काही प्लॅनमध्ये अमर्याद कॉलच्या बाहेरही ठेवलेला असतो. बँकांच्या आणि विमानकंपन्यांच्या ग्राहक सेवेचे नंबर पुष्कळदा १८६० चे असतात, आणि तिथे आपण दहा मिनिटं संगीत ऐकत थांबतो. त्याच संस्थेचा १८०० चा नंबर आहे का, हे एकदा शोधून सेव्ह करून ठेवलेलं बरं.

अनोळखी परदेशी नंबरावरून एक रिंग येऊन बंद होते, तो सापळा असतो. परत फोन करायला लावायचं आणि महागड्या दराच्या मिनिटांतला वाटा खायचा, एवढाच त्यांचा धंदा. मुख्य बॅलन्स जेमतेम असेल तर असा कॉल लागतच नाही, लागला तरी लगेच तुटतो. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनमध्ये मुख्य बॅलन्स मोठा ठेवू नये, असं मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी. वीस-तीस रुपये पुरतात.

मग येतात मूल्यवर्धित सेवा. नाव भारदस्त आहे, पण व्यवहारात म्हणजे कॉलरट्यून, क्रिकेटचा स्कोअर, रोजचा सुविचार, गेम. माझ्या आत्याच्या बटणांच्या फोनमध्ये टॉपअप टिकायचाच नाही. मारला की चार दिवसांत गायब. ती कुणाला फोन करायची नाही, फक्त घ्यायची. एकदा तिच्याशेजारी बसून कॉल संपल्यावर पडद्याकडे बघितलं, तेव्हा कारण कळलं. प्रत्येक कॉलनंतर एक चौकट उमटत होती, वर इंग्रजीत दोन ओळी, खाली 'ओके'. चौकट घालवायची म्हणून आत्या मधलं मोठं बटण दाबायची. तेच 'ओके' होतं. असं करत करत तिच्या नावावर भक्तिगीतांची कॉलरट्यून आणि कसलीशी बातम्यांची सेवा चालू झाली होती, आणि दोन्हींचं भाडं नेमाने कटत होतं. तिला ती ट्यून कधी ऐकूही आली नव्हती, कारण कॉलरट्यून ऐकते समोरची व्यक्ती!

अशा प्रकारांसाठीच ट्रायने जुलै २०१३ मध्ये आदेश काढला, की ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. पहिला होकार सेवा मागताना, दुसरा वेगळ्या संदेशाला उत्तर देऊन. सेवा बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी एकच टोल-फ्री नंबर ठरवून दिला: १५५२२३. त्यावर कॉल केला किंवा एसएमएस पाठवला की कोणत्या सेवा चालू आहेत ते कळतं आणि त्या बंद करता येतात. हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा, निदान आई-वडिलांच्या तरी. आत्याची गळती यानेच थांबली.

आणखी एक गळती उसन्या टॉकटाइमची. बॅलन्स संपला की कंपनी दहा-वीस रुपये किंवा थोडा डेटा उधार देऊ करते. तातडीच्या वेळी सोय चांगली आहे, पण पुढच्या रिचार्जमधून ती रक्कम सेवाशुल्कासकट वळती होते. मधे पंधरा दिवस गेलेले असतात, उधारी विसरलेली असते आणि रिचार्ज कमी पडल्यासारखा वाटतो. तसंच, काही पेमेंट ॲप रिचार्ज करताना एक-दोन रुपये स्वतःचं शुल्क लावतात. ते मोबाइल कंपनीकडे जात नाहीत, त्यामुळे बॅलन्समध्ये शोधूनही सापडायचे नाहीत. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून तोच रिचार्ज करून बघावा.

डेटा

रोज दीड जीबीचा प्लॅन म्हणजे २८ दिवसांचे ४२ जीबी, असं हिशोबाला बरोबर असलं तरी वापरायला नाही. आजचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता जातो, आणि उद्याचा आज मिळत नाही. काही प्लॅनमध्ये आठवड्यातला उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, पण तसं प्लॅनच्या तपशिलात लिहिलेलं असायला हवं. एरवी जो आठवडाभर वायफायवर असतो आणि फक्त रविवारी प्रवासात सिनेमा बघतो, त्याला रोजच्या कोट्यापेक्षा एकरकमी डेटाचा प्लॅन परवडतो.

दीड जीबी पुरतो किती? व्हिडिओ सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चालतोय असं धरा. तासाला ३,६०० मेगाबिट, भागिले आठ, म्हणजे ४५० एमबी. दीड जीबीत झाले साधारण तीन तास पंचवीस मिनिटं. व्हिडिओचा दर्जा वाढवला की आकडा झपाट्याने खाली येतो. एकही व्हिडिओ न बघता डेटा संपत असेल तर ॲपचे अपडेट, फोटोंचा बॅकअप आणि व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ तपासा. तिन्ही 'फक्त वायफायवर' करता येतात.

कोटा संपल्यावर काय होतं, हे मात्र प्लॅन घेण्याआधी वाचायलाच हवं, कारण इथे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. रोजच्या कोट्याच्या प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटांच्या वर लागतात. मजकुराचा मेसेज जाईल, बाकी फारसं काही होणार नाही. पण जादा पैसे लागत नाहीत. एकरकमी डेटाच्या काही प्लॅनमध्ये मात्र कोटा संपला की पुढचा वापर मुख्य बॅलन्समधून, एमबीच्या दराने, कापला जातो. समजा एमबीला ५० पैसे असा दर आहे. १०० एमबीचे झाले ५० रुपये, आणि एक जीबीचे तब्बल ५१२. दोन-चार व्हिडिओंत मुख्य बॅलन्स साफ.

डेटा निम्मा झाला, ९० टक्के झाला, संपला, असे संदेश कंपन्या पाठवतात. जाहिरातींच्या ढिगात ते दबतात, तरी त्यांवर नजर ठेवावी. आणि ज्याला मोबाइल डेटा नकोच आहे, त्याने १९२५ वर इंग्रजीत 'स्टॉप' असा एसएमएस पाठवावा. नंबर टोल-फ्री आहे. 'स्टार्ट' पाठवला की डेटा पुन्हा चालू. फोनमधलं बटण बंद करण्यापेक्षा हे पक्कं, कारण बटण नकळत दाबलं जातं.

एसएमएसबद्दल थोडक्यात. रोज १०० फुकट असतील तर १०१ व्याला पैसे पडतात. ओटीपीसकट येणाऱ्या कुठल्याही एसएमएसला पैसे पडत नाहीत.

खरी किंमत दिवसांची

पूर्वी आपण मिनिटं विकत घ्यायचो. मिनिटाच्या हिशोबात ६१ सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटांचे पैसे लागायचे. २००९ मध्ये सेकंदाचा दर आला तेव्हा लोकांना केवढं हायसं वाटलं होतं! इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते १ मे २००३ पासून थांबले. त्यानंतरची बरीच वर्षं एकदा सिम घेतलं की बॅलन्स नसला तरी फोन वाजायचा. त्या काळी मिस्ड कॉलवर अख्खे संसार चालले. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि ते दिवस सरले. कंपन्यांनी एकमेकींना द्यायचं कॉल जोडणीचं शुल्कही १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आलं. आता बोलण्याला जवळपास किंमत उरलेली नाही. आपण पैसे मोजतो ते नंबर चालू राहण्याच्या दिवसांचे. प्लॅन निवडताना म्हणूनच पहिला भागाकार दिवसांनी करायचा.

२८ दिवसांचा २९९ रुपयांचा प्लॅन धरा. दिवसाला १० रुपये ६८ पैसे. महिन्याला एकदा असं वाटतं खरं, पण ३६५ दिवसांत २८ तेरा वेळा जातात. वर्षाचे ३,८८७ रुपये होतात, बारा रिचार्जच्या मानाने पूर्ण २९९ जास्त. तेरावा महिना तो हाच. आता ८४ दिवसांचा प्लॅन तेवढ्याच डेटासह ८५९ ला मिळतोय असं समजा. दिवसाला १० रुपये २३ पैसे, आणि तीन छोट्या प्लॅनच्या तुलनेत ३८ रुपये वाचले. हा भागाकार केल्याशिवाय 'स्वस्त' या शब्दावर भरवसा ठेवू नये. तीस रुपयांनी स्वस्त वाटणारा प्लॅन २४ दिवसांचा निघतो.

२८ दिवसांमुळे रिचार्जची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकते, पगाराच्या तारखेशी जुळत नाही. यावर ओरड झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन व्हाउचर, एक विशेष व्हाउचर आणि एक कॉम्बो व्हाउचर ३० दिवसांचं, आणि तसंच एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारं ठेवायला लावलं. हे प्लॅन ॲपमध्ये पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात. पण आहेत.

त्याहून मोलाचा बदल २३ डिसेंबर २०२४ चा. ज्यांना नेट लागत नाही त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं विशेष व्हाउचर ठेवणं बंधनकारक झालं, आणि विशेष व्हाउचरची कमाल वैधता ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. जानेवारी २०२५ पासून असे प्लॅन बाजारात आहेत. बटणांचा फोन वापरणारे आई-वडील आणि ओटीपीसाठी ठेवलेलं दुसरं सिम यांना डेटाचे पैसे भरायचं काहीच कारण नाही. दुकानदार किंवा ॲप ते आपणहून पुढे करणार नाहीत. 'नेट नसलेला, फक्त कॉलचा' असं स्पष्ट मागावं लागतं.

मुदत संपायच्या आधीच रिचार्ज मारला तर उरलेले दिवस बुडतात का? बहुधा नाही, नवा प्लॅन रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. पण काही प्लॅन लगेच लागू होतात, म्हणून पैसे भरण्याआधी 'आत्ता सुरू होईल' की 'नंतर' हे पडद्यावर वाचून घ्या. एकदा घेतलेल्या प्लॅनचे दर त्याच्या मुदतीत कंपनीला वाढवता येत नाहीत. दरवाढीची बातमी आली की लोक लांब मुदतीचे रिचार्ज करून ठेवतात, ते यामुळेच.

नंबर हातचा जातो कधी

मुदत संपली की आधी आउटगोइंग थांबतं, काही दिवसांनी इनकमिंग. हे दिवस कंपनीनुसार वेगळे. नंबर कायमचा बंद होणं ही पुढची पायरी, आणि तिला नियम आहे. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल, म्हणजे कॉल नाही, पाठवलेला एसएमएस नाही, डेटा नाही, तरच न वापरल्याच्या कारणावरून नंबर बंद करता येतो. त्यातही मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर कंपनीने ते कापून ३० दिवस वाढवायचे. पुन्हा २० असतील तर आणखी ३०. बंद झाल्यावरही परत सुरू करायला १५ दिवसांची सवलत आहे. २०१३ पासून हा नियम आहे. '२० रुपयांत सिम चालू राहतं' असे जे मेसेज फिरतात, त्यांचं मूळ इथे. पण नीट वाचा: २० रुपयांत नंबर तुमच्या नावावर राहतो, त्यावर बोलता येईल असं नाही.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. तुमचं बँक खातं, आधार, गॅसचं बुकिंग त्याच नंबराला जोडलेलं असेल तर ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर वाजणार. कपाटातल्या जुन्या सिमवर काय काय जोडलंय ते बघा. ठेवायचं असेल तर मुख्य बॅलन्समध्ये वीसच्या वर रक्कम राहू द्या, नसेल तर बंद होऊ देण्याआधी बँकेत नंबर बदला.

कटलेले पैसे परत मागायचे तर

प्रीपेडला बिल येत नाही, म्हणून पुरावा नसतो, असा समज आहे. तसं नाही. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार वापर, म्हणजे कधी, कुठल्या कारणाने किती कटले, कंपनीकडे मागता येतो. तीस दिवसांत तो द्यावा लागतो आणि त्यासाठी ५० रुपयांहून जास्त घेता येत नाहीत. वाद मोठा असेल तर हे पन्नास रुपये जरूर खर्च करावेत. 'माझे पैसे कटले' यापेक्षा 'अमुक तारखेला अमुक सेवेचे, मी न मागता' हे वजनदार ठरतं.

तक्रार १९८ वर करायची, हाही टोल-फ्री आहे. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक घ्या, एसएमएसनेही तो यायला हवा. 'सर, नोंद घेतली' एवढ्यावर थांबू नका, क्रमांकाशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. मुदतीत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र धाडून वेळ घालवू नये. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मधला मार्ग म्हणून चांगली आहे. आणि ग्राहक आयोगाचं दार तर उघडंच आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चालतात असं स्पष्ट केलं.

कंटाळून कंपनीच बदलायची ठरवली, तर १९०० वर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून पुढे आपला नंबर, असा एसएमएस पाठवायचा. स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसच नसल्यामुळे लोकांना हा संदेशही पाठवता येत नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सांगितलं की प्लॅन कुठलाही असो, पोर्टचा एसएमएस जाऊ द्यायचाच. फक्त हे करण्याआधी मुख्य बॅलन्स बघा. नंबर नव्या कंपनीत जातो, पण जुन्या खात्यातला टॉकटाइम आणि प्लॅनचे उरलेले दिवस तिथेच बुडतात, आणि ते परत मागता येत नाहीत. म्हणून पोर्टचा एसएमएस प्लॅन संपत आल्यावर, शेवटच्या आठवड्यात पाठवावा.